वार्धक्याच्या नावावर खपणारे दुखणे

वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या पारावर, आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या बाजार समितीच्या ओट्यावर, अथवा एस. टी.ची वाट पाहत बसलेल्या साठी-सत्तरीच्या मंडळींत घटकाभर जाऊन बसले, तर देहाच्या तक्रारींचा मोठा पाढा ऐकावयास मिळतो; गुडघे, साखर, रक्तदाब, मोतीबिंदू, दातांची कवळी यांपैकी एकाही विषयाला तेथे मज्जाव नसतो, आणि कोणत्या डॉक्टराने कोणती गोळी बंद करून कोणती सुरू केली याचा तपशील कपाशीच्या भावाइतक्याच चोखपणे सांगितला जातो. लघवीचा विषय मात्र तेथे निघत नाही. धार बारीक झाली आहे, ती सुरू होण्यास वेळ लागतो, होऊन गेल्यावरही काही शिल्लक राहिल्यासारखे वाटते, रात्री तीन-चारदा उठावे लागते, या गोष्टी त्या घोळक्यातील कित्येकांच्या नित्याच्या अनुभवाच्या असूनही, त्या बाबतीत ही बोलकी मंडळी एकाएकी मुखदुर्बळ होतात. घरच्या बाईला त्या ठाऊक असतात, कारण रात्री कडी वाजते ती तिला ऐकू येते, आणि बाज आतल्या खोलीतून मोरीजवळच्या पडवीत हलविण्याचा बंदोबस्तही बहुधा तिनेच केलेला असतो. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते: “काही नाही जी, वय झालं न आता.”

वयाच्या खात्यावर हे असे बिनबोभाट जमा झाले की पुढची चौकशी खुंटते. पंचेचाळीस अंशांच्या वैशाखात उन्हाळी लागली म्हणून सब्जा आणि धन्या-जिऱ्याचे पाणी दिले जाते, पावसाळ्यात गोखरूचा काढा होतो, मधुमेह असलाच तर साखर वाढली असेल म्हणून समाधान करून घेतले जाते, आणि हे काहीच लागू पडले नाही म्हणजे मनुष्य संध्याकाळपासून पाणी पिणे सोडतो, लग्नकार्याला जाणे टाळतो, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्य शासनाने एस. टी.चा प्रवास फुकट करून दिलेला असतानाही घराबाहेर पडेनासा होतो. या सगळ्यामागे जी ग्रंथी असते तिला वैद्यक पुरःस्थ ग्रंथी म्हणते आणि लोक आता सरसकट प्रोस्टेट म्हणतात. तिच्या कर्करोगाची पूर्वचिन्हे ओळखा, असे सांगणारी पत्रके हल्ली दवाखान्यांच्या भिंतींवर दिसू लागली आहेत. त्या पत्रकांचा हेतू स्तुत्य असला तरी त्यांतील अर्धी गोष्ट सांगावयाची राहून जाते, अशी माझी तक्रार आहे.

राहून जाणारी गोष्ट शरीररचनेतील आहे. ही ग्रंथी मूत्राशयाच्या मुखाशी, मूत्रमार्गाला चहूबाजूंनी वेढून असते. आकाराने ती मोठ्या सुपारीएवढी (सुपारीचे माप आमच्या खर्रा घोटणाऱ्या मुलखात कोणाला समजावून सांगावे लागत नाही, हे वेगळेच दुर्दैव), आणि वीर्यातील द्रवाचा काही अंश निर्माण करणे हे तिचे काम. पन्नाशीनंतर तिचा आतला, मूत्रमार्गालगतचा भाग बहुतेक पुरुषांत हळूहळू वाढू लागतो. ही वाढ कर्करोगाची नसते. परंतु ती मार्गालाच चिकटून असल्याने मार्ग आवळला जातो आणि वर सांगितलेल्या साऱ्या तक्रारी सुरू होतात. कर्करोग मात्र बहुतांशी या ग्रंथीच्या बाहेरच्या, गुदाशयाकडील भागात उद्भवतो, मूत्रमार्गापासून दूर. तेथे तो वर्षानुवर्षे वाढत राहिला तरी धारेला धक्का लागत नाही, रात्रीची झोप मोडत नाही, दुखत नाही. त्यामुळे ज्या तक्रारींनी मनुष्य घाबरतो त्या बहुधा निरुपद्रवी वाढीच्या असतात, आणि आरंभीचा, बरा होण्याजोगा कर्करोग बहुधा कोणतेही चिन्ह देत नाही. पत्रकात ‘लक्षणे’ म्हणून दिलेली यादी वाचून जो घाबरेल तो बहुतेक वेळा विनाकारण घाबरेल, आणि यादीतले आपल्याला काहीच नाही म्हणून जो निश्चिंत होईल त्याची निश्चिंतताही तितकीच निराधार असेल.

मग लघवीच्या तक्रारीकडे लक्ष द्यावयाचे ते कशासाठी, असे कोणी विचारील. एक तर ती तक्रार स्वतःच उपचारास पात्र आहे. मूत्राशय पुरता रिकामा होत नसेल तर साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात, आणि दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत पोहोचून त्यांची हानी होते. हिवाळ्यात सर्दी झाली म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेल्या साध्या गोळीने अशा माणसाची लघवी एका रात्रीत तुंबते आणि नळी टाकण्याची वेळ येते, हे तालुक्याच्या गावचा कोणताही डॉक्टर सांगेल. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की, ही तक्रार घेऊन मनुष्य डॉक्टरापुढे गेला तर ज्या बाहेरच्या भागात कर्करोग लपून बसतो तो भाग तपासला जाण्याची संधी निर्माण होते. गुदद्वारातून बोटाने करावयाच्या त्या तपासणीला मिनिटभरही लागत नाही; खर्च होतो तो एका हातमोज्याचा. कठीण गाठ, एका बाजूचा टणकपणा, पृष्ठभागाची विषमता ही जाणत्या बोटाला कळते. रुग्ण लाजतो म्हणून, आणि बाहेर रांग मोठी असते म्हणून डॉक्टरही, या तपासणीला बगल देतात. यांपैकी पहिली गोष्ट क्षम्य आहे, दुसरी तितकीशी नाही. लघवीत किंवा वीर्यात रक्त दिसणे, धारेत काही महिन्यांतच झपाट्याने फरक पडणे, लघवी अकस्मात तुंबणे, यांपैकी काही घडले तर मात्र काढ्याची मुदत संपली असे समजून सरळ रुग्णालय गाठावे.

ज्या चिन्हाविषयी मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते ते लघवीच्या यादीत मोडतच नाही. ते म्हणजे पाठदुखी. या कर्करोगाला हाडांची, विशेषतः कण्याच्या मणक्यांची आणि कटीच्या अस्थींची, विलक्षण ओढ आहे. ओटीपोटातील शिरांचे जाळे कण्याभोवतीच्या झडपा नसलेल्या शिरांशी थेट जोडलेले असते, हे बॅटसन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९४० साली दाखवून दिले आणि या ओढीचा एक मार्ग उलगडला. आता विचार करा की, ज्या जिल्ह्यात सारे आयुष्य निंदणी, डवरणी, कपाशीची वेचणी, सोयाबीनच्या पोत्यांची चढउतार यांत गेलेले असते, तेथे सत्तरीच्या शेतकऱ्याने कंबर दुखते असे सांगितले तर त्यात नवल ते काय वाटणार? मलम चोळले जाते, शेक दिला जातो, दुखण्यावरचे इंजेक्शन होते, कोणी चोळून देणारा सुचवितो, आणि त्या कंबरेचा लघवीशी काही संबंध असू शकेल ही शंका घरात, क्वचित दवाखान्यातही, कोणाच्या मनाला शिवत नाही. कष्टाने दुखणारी कंबर आडवे पडल्यावर बहुधा निवते. जी कंबर आडवे पडल्यावरही निवत नाही, रात्री झोपेतून उठवते, आठवड्यागणिक वाढत जाते, जिच्यासोबत अन्नावरची वासना उडते आणि सदरा अंगात सैल होऊ लागतो, ती कंबर साठीनंतरच्या पुरुषाची असेल तर तिचा जाब कष्टांकडे न मागता तपासणीकडे मागावा. आणि पायांतील शक्ती जाऊ लागली, बधिरता आली, लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर मणक्यातील गाठ मज्जारज्जूवर दाब देत असण्याचा संभव असतो. तेथे प्रश्न तासांचा असतो. पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊ, असे म्हणून थांबलेला मनुष्य पुन्हा आपल्या पायांनी घरात येईलच याची शाश्वती कोणालाही देता येत नाही.

या अवस्थेतही वैद्यक हतबल नसते, हे सांगितले पाहिजे. शिकागोचे शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली असे सिद्ध केले की हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो, आणि ते संप्रेरक बंद केले तर पसरलेला रोगही मागे हटतो. या शोधाबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजही संप्रेरक बंद करण्याची इंजेक्शने किंवा वृषणे काढून टाकण्याची लहानशी शस्त्रक्रिया हाच पसरलेल्या रोगावरील उपचाराचा पाया आहे, आणि वेदनेने अंथरुणाला खिळलेला मनुष्य काही दिवसांत उठून बसल्याची उदाहरणे कर्करोगाच्या वॉर्डांत नवी नाहीत. परंतु रोग हटविणे आणि रोग नाहीसा करणे यांत जे अंतर आहे, ते ग्रंथीच्या बाहेर पडलेल्या रोगात सहसा ओलांडता येत नाही.

आपल्या जिल्ह्याचे एक भाग्य असे की, येथे कर्करोगाची मोजदाद होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८१ साली राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला. त्याआधी मुंबईत १९६३ पासून अशी नोंदणी चालू होती, आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेकडे वर्धा जिल्ह्याची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ लाख लोकवस्तीच्या या जिल्ह्याचे कर्करोगविषयक दप्तर तेथे लिहिले जाते. त्यात पुरुषांच्या बाबतीत वरचष्मा आहे तो तोंडाच्या कर्करोगाचा, आणि त्याचे श्रेय खर्ऱ्याला आणि तंबाखूला जाते. दिल्ली, कोलकाता, पुणे, तिरुवनंतपुरम अशा शहरांच्या नोंदींत मात्र प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलेला आढळला. शहरात आयुर्मान अधिक, आहार वेगळा, हे खरेच; पण शहरात शोधणारेही अधिक असतात, ही गोष्ट विसरून चालणार नाही. जो मनुष्य ‘म्हातारपण’ या निदानाने घरीच गेला त्याची कोणत्याही नोंदणीत रुजुवात होत नाही. ग्रामीण वर्ध्यातील आकडा लहान आहे तो रोग कमी म्हणून, की शोध कमी म्हणून, याचा उलगडा केवळ दप्तर पाहून व्हावयाचा नाही; मला स्वतःला दोन्ही कारणे थोडीथोडी खरी वाटतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली असा अंदाज वर्तविला की, २०२० मध्ये जगात वर्षाला १४ लाख असलेले या रोगाचे नवे रुग्ण २०४० पर्यंत २९ लाखांवर जातील, आणि वाढीचा मोठा भार गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांवर पडेल. माणसे अधिक वर्षे जगू लागली की हे ओघानेच येते.

रोग मुका आहे, तर मग सर्वांचे रक्तच का तपासू नये? हा युक्तिवाद सरळ दिसतो, आणि अमेरिकेत तो लाखो पुरुषांवर लागू करून पाहण्यात आला. पीएसए या नावाने ओळखली जाणारी रक्ततपासणी तेथील औषध प्रशासनाने १९८६ साली, रोग आधीच निश्चित झालेल्यांवर देखरेख ठेवण्यासाठी मंजूर केली, आणि १९९४ साली रोग शोधण्यासाठी. हा पदार्थ ग्रंथीत सर्वांच्याच असतो. निरुपद्रवी वाढीत, जंतुसंसर्गात, लघवी तुंबल्यावर, नळी घातल्यावरही तो रक्तात वाढतो, आणि ग्रंथी आकसविण्याची फिनॅस्टेराइडसारखी गोळी चालू असेल तर आकडा सुमारे निम्म्यावर येऊन खोटा दिलासा देतो. ज्या रिचर्ड अॅब्लिन यांनी १९७० साली या प्रतिजनाचा शोध लावला, त्यांनीच २०१० साली वृत्तपत्रात लेख लिहून त्याच्या सरसकट वापराचा निषेध केला. युरोपातील मोठ्या प्रयोगाच्या २००९ सालच्या निष्कर्षांत या तपासणीने मृत्यू सुमारे एक पंचमांशाने घटल्याचे दिसले खरे, पण एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० पुरुषांची तपासणी आणि ४८ जणांवर जास्तीचे उपचार करावे लागले. आणि त्या उपचारांत लघवीवरचा ताबा व पुरुषत्व गमावणारे काही असतातच. ब्रिटनमधील दुसऱ्या प्रयोगाने २०२३ साली असे दाखविले की, रक्ततपासणीत सापडलेल्या, ग्रंथीपुरत्याच मर्यादित रोगाच्या १,६४३ पुरुषांत शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसती देखरेख यांपैकी काहीही वाट्याला आलेले असो, पंधरा वर्षांनंतर सुमारे ९७ टक्के जण या रोगाला बळी पडलेले नव्हते. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा मंडळाने २०१२ साली ही तपासणी करूच नये असा निर्वाळा दिला आणि २०१८ साली तो बदलून, ५५ ते ६९ वयोगटातील पुरुषाने डॉक्टरशी बोलून स्वतः ठरवावे, असे म्हटले.

हा इतिहास मी विस्ताराने दिला, कारण आपल्याकडे पुढाऱ्यांच्या वाढदिवशी मांडव घालून जी मोफत शिबिरे होतात, आणि खासगी प्रयोगशाळा साठीच्या वरच्यांसाठी जी ‘संपूर्ण देह तपासणी’ विकतात, त्यांत हा आकडा कोणत्याही संभाषणाशिवाय हातात ठेवला जातो. चारच्या वर आकडा गेलेला कागद घेऊन शेतकरी घरी येतो, आणि पुढचे आठ दिवस कुटुंबात सुतक असते. चारच्या खाली आला तर तो कागद अभयपत्र मानला जातो. पन्नाशीनंतरच्या पुरुषाने हा आकडा काढावा की नाही याची चर्चा ओळखीच्या डॉक्टरशी करावी, बापाला किंवा भावाला हा रोग झालेला असेल तर ती पंचेचाळिशीतच करावी, आणि आईला, बहिणीला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झालेला असेल तर तेही सांगावे, कारण काही घराण्यांत या रोगांची आनुवंशिक मुळे एकच असतात. ऐंशीच्या पुढच्या, तक्रार नसलेल्या वृद्धाला या फेऱ्यात ढकलण्याची मात्र गरज नाही. त्याला मिळालेली वर्षे त्याने सुखाने काढावीत.

लाजेविषयी बोलावयाचे तर ती काही केवळ आपल्याच खेड्यांची मिरास नव्हे. फ्रान्सचे अध्यक्ष मितरां यांना निवडून आल्यावर काही महिन्यांतच, १९८१ च्या अखेरीस, हाडांपर्यंत पोहोचलेला हाच रोग असल्याचे कळले, आणि तेव्हापासून तो १९९२ साली उघड होईपर्यंत त्यांच्या प्रकृतीची निर्दोष निवेदने नियमाने प्रसिद्ध होत राहिली. एका राष्ट्राच्या दप्तरात लबाडी लिहिली गेली ती पुरुषाच्या या एका ग्रंथीपायी. याउलट इंग्लंडच्या राजाने २०२४ च्या जानेवारीत आपली प्रोस्टेट वाढली असून तिच्यावर उपचार होणार आहेत एवढे साधे निवेदन काढले, तर त्या देशातील सरकारी आरोग्यसेवेच्या माहितीकडे हजारो पुरुष धावले. आमच्या जिल्ह्याला तर उघडेपणाची परंपरा त्याहून जुनी आणि त्याहून कठीण आहे. कुष्ठरोगाचे नाव घेतल्यावर लोक दार लावून घेत त्या काळात, १९३९ च्या सुमारास, गांधीजींनी संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री यांना सेवाग्रामच्या आश्रमात आपल्या कुटीशेजारी जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या जखमांना तेल चोळले. मनोहरजी दिवाणांनी विनोबांच्या प्रेरणेने दत्तपूरला त्या रुग्णांसाठी आयुष्य वेचले. गांधीजींची पत्रे चाळणाऱ्याला हेही ठाऊक असते की, बद्धकोष्ठ आणि एनिमा हे विषय त्यांच्या लेखी स्वराज्याइतकेच चर्चेस योग्य होते. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ज्या वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना केली तेथील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते, आणि सुगीला ज्वारी देऊन आजारपणाची तजवीज करून ठेवण्याची योजना याच परिसरातील खेड्यांनी चालवून दाखविली. एवढे सर्व ज्या मातीत झाले तेथे वृद्धाची लघवी हा निषिद्ध विषय राहावा, हे मला पटत नाही.

शासनाच्या असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीत आज तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा असे तीन कर्करोग धरलेले आहेत, आणि ते योग्यच आहे. त्यांत चौथ्याची भर घालून गावोगावी रक्त काढत हिंडा, अशी दरखास्त मी करीत नाही. माझी मागणी लहान आहे. घरोघर फिरणारी आशा ही गावचीच सून किंवा लेक असते, तिच्यापुढे सत्तरीचा आजोबा धारेचे गाऱ्हाणे सांगणार नाही. ते काम उपकेंद्राच्या आरोग्यसेवकाकडे, पुरुषाकडे, सोपवावे. दर वर्षी नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत आणि कोषागारात रांग लावतात, निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे लाभार्थीही तहसिलीत वर्षातून एकदा आपण हयात असल्याची खात्री पटवून देतात. त्याच आवारात एक आरोग्यसेवक बाजूला खुर्ची टाकून बसला आणि रात्री किती वेळा उठता, लघवीत कधी रक्त दिसले का, रात्री झोपू न देणारी कंबरदुखी आहे का, एवढेच पुसू लागला, तर वर्षाकाठी जिल्ह्यातील हजारो वृद्धांची कैफियत फुकटात गोळा होईल. होकार देणाऱ्यांना ग्रामीण रुग्णालयातून सेवाग्रामला, सावंगी मेघेला, किंवा पुढे गरज पडल्यास नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात धाडता येते, आणि खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तोपर्यंत घरच्या माणसांनी वाट पाहू नये; “मामाजी रात्री चारदा उठतात” हे सुनेने नवऱ्याला सांगावे आणि मुलाने बापाला सोबत घेऊन, डॉक्टरच्या खोलीत स्वतः बाहेर थांबून, त्याला मोकळेपणाने बोलू द्यावे.

एक व्यवहाराची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दुर्बिणीतून प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले म्हणजे ग्रंथी गेली आणि तिच्यासोबत कर्करोगाची भीतीही गेली, असा समज सर्वत्र आहे. वस्तुतः त्या ऑपरेशनात मार्ग आवळणारा आतला भाग तेवढा खरवडून काढतात, आणि ज्या बाहेरच्या भागात कर्करोग होतो तो जागच्या जागी राहतो. काढलेला भाग तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातो, त्याचा अहवाल काही दिवसांनी येतो, तोवर रुग्ण नळी काढून गावी परतलेला असतो आणि अहवाल तेथेच पडून राहतो. तो मागून आणावा. रक्ततपासणी केलेली असेल तर तिचाही कागद जपावा, कारण या तपासणीत एकट्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधली वाढ अधिक सांगून जाते, आणि गतवर्षीचा आकडा समोर नसेल तर डॉक्टरला ती वाढ मोजता येत नाही. तेव्हा सातबारा आणि पासबुक ज्या पिशवीत असते त्याच पिशवीत हे कागद, तारखा दिसतील असे, ठेवावेत.